फंडाचं कातडं

आटपाडी

चिरंजीव बिराप्पास थोरल्या बहिणीचा, दगडाबाईचा, डोक्यावर हात. उंब्रजला पाणी मायंदाळ हाय म्हणून भिजत बसू नको, तुझी छाती लहानपणापास्नं कच्ची. तुझ्या बायकोचा गुडघा कसा हाय ते कळव. जीभ ठीक असणारच. हे फोनवर बोलले असते, पर फोनात आता माझं पैसं हायती आन त्येला सगळं ऐकू जातं असं वाटतं. म्हणून चौथीपर्यंतची शाळा कामाला लावली.

तर आपला विश्वजित (माझा नातू, कुपवाडला कारखान्यात लागल्यापास्नं इस्त्री केल्यासारखा बोलतो) एका पोराला घिऊन आला. सांगलीचं जैनाचं पोरगं, लोकांनी पैसं कुठं घालायचं ते सांगायचा धंदा. नाव अतिशय. अतिशय काय, म्हणून इचारलं, तर म्हणालं एवढंच नाव हाय. दोघांचा बेत असा, की मी मेंढरं सगळी इकायची, पैसं फंडात घालायचं आन कुपवाडला पंख्याखाली बसून म्हातारं व्हायचं. (म्हातारं व्हायला मला पंखा लागला न्हाई.)

अतिशय म्हणाला, लार्ज कॅप, मिड कॅप, स्मॉल कॅप. विश्वजितला इचारलं कॅप म्हंजी काय, तर टोपी. टोप्या घालणारी मानसं लय बघितली रं, पर आधी माप इचारणारा ह्यो पयला. मग अतिशयनं निवांत सांगितलं, की पैसं आपण द्यायचं, वाढवायचं जाणत्यानं, त्यातला वाटा त्याला. म्हटलं, सरळ सांग की अर्धल हाय. आपण न्हाई का दुसऱ्याला मेंढी सांभाळाय देतो आन कोकरं निम्मीनिम्मी करतो, तसं. पोरगं खुललं. मग इचारलं, आमच्यात दिलेली मेंढी मेली तर सांभाळणारा कातडं आणून दाखवतो, न्हाईतर इकून खाल्ली असं धरत्यात. तुझ्यात पैसा मेला तर काय दाखवशील? म्हणाला, स्टेटमेंट येतं आज्जी. म्हटलं, कागद नको, कातडं दाखव. बिचाऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. जैनाच्या पोरापुढं कातड्याचं नाव काढायला नको होतं, पर निघालं.

विश्वजित रुसला. त्याचं तोंड राहावं म्हणून एकच जनावर इकून पैसं घातलं, बाकीला हात लावू दिला न्हाई. तवापास्नं सकाळी आधी फोन बघते. आकडा तांबडा दिसला की अतिशयला फोन: का उतरलं, पोट फुगलं का, पाला कसला चारलास. तो म्हणतो दम धरा, लांबचा इचार करा. माझं वय त्याला फोनात दिसत न्हाई वाटतं. हल्ली त्याची आई गुणमाला उचलते. बाई झ्याक हाय. तिलाबी त्यानं लहान मापाची टोपी घातलीया.

बाकी बरं. पोरांना मुकं.

ता.क. इकलं ते जनावर म्हंजी आपला एडका. तोच तगडा, त्यालाच भाव आला. आता मेंढ्या नुसत्या एकमेकींची तोंडं बघत चरत्यात; कोकरं कुठनं येणार? आन कोकरं न्हाई झाली की विश्वजित म्हणणारच, "बघ आज्जे, वाढ न्हाई, इकून टाक." तवा तुझा काळा एडका टेम्पोत घालून लावून दे. विश्वजितनं इचारलं तर फंडाचा परतावा आला म्हणून सांगीन. कोकरं निम्मी मागू नको, बहिणीला अर्धल लावत न्हाईत. काळजीबी करू नको, मेला तर कातडं आणून दाखवीन.

आणिक ता.क. आज सकाळी आकडा हिरवा हाय. एडक्यासंगं थोडं पैसंबी लावून दे, अतिशयला बोलून ठेवलंय. तुझ्या डोक्याला मधल्या मापाची बसंल.