सहीचा कागद

शारजा, मंगळवार, मार्च २००१

कॉन्व्हेंटच्या होस्टेलात ताई आणि मी एकाच गरम पाण्याच्या पिशवीने आळीपाळीने पोट शेकायचो. तेव्हा काही लपवावं लागत नसे.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता पुन्हा रक्त. आज मल्याळी डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "नींद आती है? रोना आता है? घर में किसको बोला?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी रडलेच. मग म्हणाल्या, "गर्भाशय का टुकड़ा निकालके टेस्ट करना पड़ेगा. हज़्बंड का साइन लाओ."

कागद पर्समध्ये आहे. ह्यांना रक्ताचंही ठाऊक नाही. "गप्प का गं?" म्हणाले. "उकडतंय," म्हटलं मी. कॅन्सर असेल का? कागद अजून पर्समध्येच.

काही झालंच, तर मोत्याच्या कुड्या लेकीला. पश्मिना शाल ताईला. ही वही ह्यांना. पण ती माझ्यामागे नको, आजच, चहाबरोबर.