बोडीपलीकडचा पळस

साकोलीजवळून,
१२ मार्च १९८३

प्रिय रुखमा,

तुझं कार्ड मिळालं. जंगलाच्या यंदाच्या नोंदी लवकर पाठवा, कॉलेज पुस्तिका छापणार आहे, वर तुमचं नाव घालायचं आहे. बस, एवढंच. पूर्वी तुझी पत्रं काठोकाठ भरलेली असायची, घडीच्या जागेवरसुद्धा आडवं लिहायचीस. दिवाळीपासून चार ओळींच्या कार्डांवर आलीस. मी मनाची समजूत घातली, नागपुरात मुलांना झाडपाला शिकवणाऱ्या बाईंना वेळ कुठला! माझं अक्षर ओळ सोडून चाललं असेल तर निबाला दोष दे.

नोंदी देतो. तांबट महिनाभर टुकटुक करतो आहे, ऊन चढलं की त्याला जास्तच चेव येतो. कोकीळ पाच तारखेला पहिल्यांदा ओरडला. मोह गळायला लागला. काल पहाटे मागच्या मोहाखाली अस्वल आलं होतं, त्याची फुसफुस मी ओसरीवर बसून ऐकली. जंगलखात्याच्या नाकेदारीत तीस वर्षं काढली, तरी या प्राण्याचं हावरट खाणं ऐकलं की मला हसूच येतं. सकाळी घरभर त्या फुलांचा वास भरला होता. सावरीवर साळुंक्या अशा भांडत होत्या की ती फुलली असणारच. परवा नाल्याकडे वानरं खाकरली, पाठोपाठ चितळानं हाक दिली, म्हणजे बिबट पाण्यावर येऊन गेला.

पुन्हा एकदा वाच. यात एकही रंग नाही. तू हुशार आहेस, तुझ्या लक्षात आलंच असेल. निबाचं खोटं सांगितलं, निब चांगला आहे. मी पुठ्ठ्याला खाच पाडून, ती कागदावर धरून, चाचपडत लिहितो आहे. मला दिसत नाही, रुखमा. उजेड कुठून येतो तेवढं कळतं. दोन वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही. मी कोणाला बोललो नाही. तुझी आई असती तर तिच्यापासून लपवता आलं नसतं. तुझी पत्रं घनश्याम पोस्टमनकडून वाचून घेतो, चष्मा सापडत नाही असं सांगून. दर वेळी चष्मा हरवणारा म्हातारा म्हणून तो मनात हसत असेल.

तेव्हा गेल्या वर्षीच्या नोंदींतलं जे कानानं किंवा नाकानं कळतं ते खरं धर, आणि रंगाची प्रत्येक ओळ खोड. कुसुमाच्या झाडाला तांबडी पालवी फुटते तेव्हा आवाज होत नाही. ती तारीख मी अंदाजानं टाकली. बोडीच्या पाण्यापलीकडचा पळस 'यंदा भरगच्च, पान दिसत नाही' असं लिहिलं, तेही ओसरीत बसून. तू त्यावर लांबलचक कौतुक लिहून पाठवलंस. ते ऐकताना माझी मान खाली गेली, आणि तरी मी खरं कळवलं नाही. तुझ्या लेखी बाबा म्हणजे डोळे. ते गेले तर बाकी काय उरतं, मला कळेना.

तू सात वर्षांची होतीस. कुसुमाखाली उभी राहून मला विचारलंस, ही पानं तांबडी काहून? मी म्हटलं, जंगलात विचारायचं नसतं, पाहत राहायचं. तू रोज जाऊन उभी राहायचीस. नवव्या दिवशी धावत आलीस आणि म्हणालीस, बाबा, हिरवी होऊन राहिली! त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. माझं हे वाक्य तू आयुष्यभर धरून ठेवशील, हे मला कुठे ठाऊक होतं?

मागच्या सोमवारी शेजारची आनंदाबाई भात पाखडायला आली. मला कमी दिसतं, एवढंच तिला माहीत. तुझ्यासाठी नोंद हवी म्हणून मी सहज विचारलं, पलीकडचा पळस फुलला का गं? ती म्हणाली, "कोनता पळस, भाऊ? तो त दोन पावसाळे झाले, पडला नं." म्हणजे गेल्या वर्षी मी जो भरगच्च फुलवला, तो पळस तिथे नव्हताच.

पण हे पत्र पळसासाठी नाही. आनंदाबाई हातातलं सूप खाली ठेवून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुमाले दिसतच नाई, हे मले आत्ता समजलं. मी त म्हनत होती, दिवाळीले पोरीच्या गळ्यात पोत नोती, बापानं पाहून काहून नाई विचारलं?" रुखमा, तू दारात कितीतरी वेळ उभी होतीस. मग म्हणालीस, बाबा, पाहिलं? मला वाटलं, साडीचं विचारतेस. मी म्हटलं, छान दिसतेस, जावईबापू सोबत आले असते तर त्यांनीही म्हटलं असतं. तू आत गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परतलीस. वीस हातांवरची कळी ओळखणाऱ्या बापानं लेकीचा मंगळसूत्राविना उघडा गळा पाहिला आणि तोंड फिरवलं, असंच वाटलं ना तुला? नाही गं. मी पाहिलंच नाही. आठवडाभर हेच एक डोक्यात फिरतं आहे. उठून नागपूरला यावं म्हटलं तर मधला नाला ओलांडून थांब्यापर्यंत एकट्यानं जाणंसुद्धा माझ्यानं होत नाही. पुस्तिका राहू दे, नाव राहू दे. मी शिकवलेलं आज मीच मोडतो आणि विचारतो, काय झालं, बेटा? उत्तर लिहून पाठवू नकोस, तेही घनश्यामच वाचेल. होळीला ये, माझ्याजवळ ओसरीवर बस आणि तोंडानं सांग. ऐकू मला अजून सगळं येतं.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा