बूट घातलेली अक्षरं

२ जानेवारी, सकाळी ६
आजपासून रोज पहाटे पाचला उठणार. (गजर झाला होता. मी ऐकलाही होता.)
एक फेब्रुवारीला पुढच्या खोलीत सौभाग्यवतींचं शिवणकामाचं दुकान सुरू होतंय. वीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात बाह्या जोडल्या, आता स्वतःचं. दारावरची पाटी माझ्याकडे. छापखान्यात दिवसभर औषधांच्या डब्यांवरचा बारीक मजकूर लावणाऱ्या माणसाला ही पर्वणीच. नुसती पाटी मात्र रंगवणार नाही. अख्खा फॉन्ट करणार. ठळक, भारदस्त, दांडीच्या तळाशी टाच असलेला. इंग्रजी अक्षरांना अशी टाच असते, सेरिफ म्हणतात. आपली अक्षरं इतकी शतकं अनवाणी.

६ जानेवारी
नाव फायनल: वज्रटंक. तीन कोश पाहिले. निम्मं काम झाल्यासारखं वाटतंय.
अक्षर अजून एकही नाही.

११ जानेवारी
'क' झाला. जाड कागदावर हातभर मोठा प्रिंट काढून भिंतीला लावला. कन्या म्हणाली, बाबा, पाटीवर 'शिवणकाम' एवढंच हवंय ना? पाचच अक्षरं आहेत, तेवढीच काढा की. तिला समजावलं की पाच अक्षरं म्हणजे नुसती पाटी, वर्णमाला म्हणजे अक्षरांचं अख्खं घराणं. क्रमानेच जायला हवं. ती म्हणाली, क्रमाने गेलात तर 'श' दिवाळं वाजल्यावर येईल.
जिभेला हाड नाही. आईवर गेली आहे.

१२ जानेवारी
'क' पुन्हा. पोट सुटल्यासारखं वाटतंय. (त्याचं.)

२० जानेवारी
'ङ'वर चार दिवस गेले. मराठीत तो सुटा कोणी वापरत नाही, हे मान्य. म्हणूनच त्याच्यावर अन्याय नको.
ही चहा घेऊन आली. भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, छानच आहेत हो, पण सगळी बूट घालून घरात शिरल्यासारखी वाटतात.
लोकांची नजर तयार व्हायला वेळ लागतो.

२७ जानेवारी
प्रत्यक्ष उपयोगाची चाचणी. छापखान्याच्या जिन्यात दिव्याच्या बटणाशी वज्रटंकात चिठ्ठी लावली. 'बटण'मधले ब आणि ण व्हायचे आहेत, म्हणून लिहिलं 'खटका'. दिवसभर कोणी हात लावला नाही. सगळे अंधारात चाचपडत चढले. मालकांनी बोलावून विचारलं, अहो, दिवा लागतो की काही उडतं?
ठसा उमटतो आहे, एवढं नक्की.

१ फेब्रुवारी
दुकान सुरू. वज्रटंक 'ठ'पर्यंत. पाटी अर्थातच नाही. ही म्हणाली, असू दे, होईल.

३ फेब्रुवारी
दोन गिऱ्हाईकं आली. दोघांनाही वरच्या मजल्यावरचा दातांचा दवाखाना हवा होता. एकजण गाल धरून अर्धा तास मशीनशेजारी बसला होता. हिनं टेप घेऊन माप विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

९ फेब्रुवारी
कोणी नाही. हिनं मशीनला आज तिसऱ्यांदा तेल दिलं. सहज विचारलं, तर म्हणाली, महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर जुन्या दुकानात विचारीन, माझी जागा अजून भरलेली नाही. मग म्हणाली, तुम्ही मात्र घाई करू नका.
हे शेवटचं लागलं. शुभस्य शीघ्रम्. उद्या क्रम मोडून थेट 'श'.

१४ फेब्रुवारी
'श' झाला. देखणा आहे. पण त्याच्या शेजारी 'क' खुजा दिसतो. 'क' पुन्हा.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
घरी आलो तर दारावर खोक्याचा पुठ्ठा. त्यावर कन्येनं मार्करनं लिहिलंय: शिवणकाम. आत या. ओळ उताराला लागलेली, 'म' कडेला चेंगरलेला. टाच कशालाच नाही. तात्पुरती सोय म्हणून परवानगी दिली. (कोणी मागितली नव्हती.)

१८ फेब्रुवारी
चार गिऱ्हाईकं. चौघांचेही दात उत्तम. योगायोग.

२८ फेब्रुवारी
जुन्या दुकानात विचारायला जायचं होतं, त्याचं काय, असं हिला विचारलं. मान वर न करता म्हणाली, वेळ कुठाय? माझी खुर्ची हिनं गिऱ्हाईकांना बसायला नेली आहे. उभ्यानं काम केल्यास दृष्टी व्यापक होते. पाठ दुखते.

४ मार्च
नवा 'क' जुन्याशी ताडून पाहायला गेलो तर भिंत मोकळी. सगळे प्रिंट पुढच्या खोलीत टेबलावर सापडले. 'ख'ची डावी बाही, 'घ'ची कॉलर, 'ङ'चा एक खिसा. कापडावर ठेवून कापायचे नमुने. ही ओशाळली. म्हणाली, जुने म्हणालात ना तुम्ही? कागद जाड आहे, दुमडत नाही. आणि तुमची अक्षरं इतकी काळी की त्यांच्यावर मारलेली पांढऱ्या खडूची रेघ लांबूनही दिसते.
मी अभ्यासकाच्या तटस्थतेनं विचारलं, म्हणजे उपयोगी आहेत तर?
खूपच, म्हणाली. आणखी दहा लागतील.
उद्या पाचला उठून काढून देतो म्हटलं. कोणती अक्षरं हवीत, तेही विचारलं.
तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून म्हणाली, कोरे असले तरी चालतील.