भूर्जाची तिसरी फांदी

मंगळवार, ९ सप्टेंबर

तिरिल झाडावरून पडली. चार वर्षांची पोर — मनगट मोडलं!

आमच्या बालवाडीचा एकच पक्का नियम: पोराला झाडावर चढवायचं नाही. आपलं आपण चढेल तेवढंच चढू द्यायचं, कारण तेवढंच त्याला उतरता येतं. आपण खाली उभं राहायचं, हात पाठीमागे. बावीस वर्षं नव्या शिक्षिकांना हे मीच शिकवत आले. आणि आज? तीन दिवस ती अंगणातल्या भूर्जाच्या बुंध्यावरून घसरत होती. "गुन्वोर, उचल ना गं!" जीव कळवळला माझा. तिसऱ्या फांदीवर नेऊन बसवलं. कुठे धरायचं, पाय कुठे रोवायचा — तिला काहीच ठाऊक नव्हतं.

कुणी पाहिलं नाही.

बुधवार, १०

तिरिलचा बाप स्टाइनार चिखलाच्या बुटांनिशी आत घुसला. "बालवाडी आहे की रान?"

आमची मुख्य, इंगुन, शांत. "ती स्वतः चढली होती, स्टाइनार. पडता पडताच शिकतात पोरं."

"शिकली की! हात मोडायला शिकली!"

माझ्यापायी इंगुन खोटं बोलतेय, आणि तिला पत्ता नाही. मी कॉफी ओतत राहिले.

शुक्रवार, १२

स्टाइनारच्या तक्रारीवरून नगरपालिकेचा माणूस येऊन गेला. सोमवारी भूर्ज कापणार. मागच्या टेकडीवर पोरांना नेणंही बंद. आता नुसतं सपाट अंगण, रबरी फरशी — तोल सांभाळायला पोरं शिकणार कुठे?

इंगुन रडली. मी तिला रुमाल दिला. खरं सांगितलं नाही. भित्री म्हातारी!

रविवार, १४

भूर्जाखाली जाऊन उभी राहिले, हात पाठीमागे.

सोमवार, १५, दुपार

तिरिल आली, हाताला प्लास्टर. स्टाइनार अंगणात करवतवाल्यांची वाट बघत थांबला. आत तिरिलनं कापडी अस्वल उचललं, बुटक्या कपाटाच्या कडेवर ठेवलं — खाली धप्प! पुन्हा ठेवलं. पुन्हा धप्प! पाच वेळा तोच खेळ.

"अस्वल रडतंय का गं?" मी विचारलं.

"छे! अस्वल बरं आहे. गुन्वोर रडतेय. तिनं उचललं ना त्याला!"

जवळ दुसरं कुणी नव्हतं. ऐकलं फक्त मी.

सोमवार, संध्याकाळ

तशीच अंगणात गेले. इंगुनसमोर, स्टाइनारसमोर सगळं सांगितलं. स्टाइनारनं तक्रार मागे घेतली; करवतवाले परत गेले. उद्यापासून मी कामावर यायचं नाही, इंगुननं सांगितलं.