दोन दातांमधली फट

५ जून

चि. खारू हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या हातचा दातांचा ब्रिज पोचला, परवा डॉक्टरांनी बसवलाही. दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडून पुढचे दोन दात घालवल्यापासून माझं बोलणं ऐकून गिऱ्हाइकं हसायची. आता मान देतात! हिरडी ठणकते, ब्रिजखाली घास अडकतो, चावताना दात उंच लागतात. शिवाय दातांतून हवा नीट सुटत नाही. हे होतंच का? सध्या तात्पुरतं सिमेंट आहे, महिनाअखेरीस पक्का करणार आहेत. लोभ आहेच, तो जप.

तुझे बाबा

१२ जून

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

हिरडी थोडे दिवस ठणकेल. मिठाच्या पाण्याने चुळा भरा, ब्रिजखालून बारीक ब्रश फिरवा. उंच लागतंय ते डॉक्टरांकडून घासून घ्या, अंगावर काढू नका. पण हवेचं काय? आमच्या लॅबमध्ये इतके दात घडवले, हवेची तक्रार कुणी केली नाही. काहीतरी लपवताय. खरं लिहा बघू.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
खारू

१९ जून

चि. खारू हिस आशीर्वाद.

तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो. शीळ येत नाही गं, नुसतं फुस्स होतं.

आई गेल्यावर आपण दोघंच. संध्याकाळी मी गल्लीच्या वळणावर शीळ घालायचो, तू चहाचं आधण ठेवून दार उघडायचीस. तू नोकरीला गेलीस तरी दात पडेपर्यंत मी रोज घालत होतो. कुलूप मलाच काढायचंय, हे कळतं. पण शीळ घातली की दारापाशी पोचेपर्यंत तू घरात असायचीस. आता वळणापासूनच घर रिकामं दिसतं. तुझी फार आठवण येते.

दात मात्र देखणे आहेत हो.

बाबा

२३ जून

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

ब्रिज पक्का करू देऊ नका! तुमच्या मूळच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, ती नव्या दातांत मीच बुजवली. म्हटलं, बाबा एकदा राजबिंडे दिसू देत. शीळ तिथूनच निघायची, हे डोक्यातच आलं नाही. आणि इकडे मी मात्र रोज चहा ठेवताना कान देऊन उभी असते.

नवा ब्रिज घडवलाय. फट जशीच्या तशी ठेवलीय, दात मागून टाळूच्या बाजूने जोडलेत. पोस्टाने पाठवणार नाही. रजा काढलीय, शनिवारी संध्याकाळी स्वतः घेऊन येते.

या खेपेला आधण तुम्ही ठेवा. वळणावर शीळ मी घालेन. मला तुमच्यासारखी जमत नाही, पण दार उघडा.

तुमची खारू