उजवीकडं गुंडप्पा, डावीकडं बजरंग

४ फेब्रुवारी, मंगळवार

त्या म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा बघायची इच्छा नाही!

नाव गुंडप्पा. उदगीरच्या पुढं, फाट्यावरून तीन किलोमीटर आत. त्याच्या आणि शेजारच्या बजरंगच्या रानामधला बांध दोघांनी दोन्हीकडून नांगरून खाल्ला. उरलेत फक्त हद्दीचे दोन दगड — एक गावाच्या टोकाला, एक ओढ्याच्या. ते दोन्ही दोघांना मान्य. मधली हद्द यंत्रानं काढायची आणि मी देईन तो कागद मुकाट मानायचा, असं दोघांनी पाच माणसांसमोर लिहून दिलंय. आणि मी गाडीतून सामान काढतोय तर हा म्हणतो, "तुझ्या बापानं कधी बांध बघितला व्हता का रे?"

गावाकडच्या दगडाजवळ मला फिरकू दिलं नाही. दगडावरच बूड टेकून बसला. शेवटी ओढ्याच्या टोकापासून सुरुवात केली. तो भाकरी खायला उठला तेव्हा गावाकडचा दगड घाईघाईनं उरकला, मग मधल्या समाधीचा बिंदूही घ्यायला सांगितला होता तो घेतला. पाणीसुद्धा विचारलं नाही! बारा वर्षं मोजणी करतोय, असा माणूस भेटला नव्हता.

५ फेब्रुवारी, बुधवार

भांडण कशाचं ते आज समजलं. म्हाताऱ्याचा मुलगा संगमेश, त्याचा फोन होता. हा बरा आहे, सर म्हणून बोलतो.

भांडण समाधीचं. म्हाताऱ्याची बायको शिवम्मा चार वर्षांपूर्वी गेली. लिंगायत माणसं, आपल्या माणसाला आपल्याच रानात पुरतात. समाधीशेजारी म्हाताऱ्यानं एक जागा स्वतःसाठी राखून ठेवलीय. भोवती दगड लावलेत, तेवढा तुकडा पेरतही नाही. बजरंग म्हणतो हे सगळं माझ्या हद्दीत. झाली ती समाधी राहू द्या, मी हात लावणार नाही. पण दुसरं माणूस माझ्या रानात पुरायचं नाही.

ऐकून कीव यायला हवी होती. आली नाही. दगडावर बसलेला दिसतो नुसता.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज हिशेब काढला. पाच मिनिटांचं काम. दोन दगड जोडून रेषा काढायची, समाधीचा बिंदू निवडायचा. रेषेपासून काटकोनात किती लांब आणि कुठल्या अंगाला, हे सॉफ्टवेअर सांगतं. ऑफसेट म्हणतात त्याला. अधिक आलं तर रेषेच्या उजवीकडं, उणे आलं तर डावीकडं. मी रेषा नेहमी गावाकडून काढतो. गावाकडून ओढ्याकडं तोंड करून उभं राहिलं की उजवीकडं गुंडप्पा, डावीकडं बजरंग.

आलं — उणे १.४२!

म्हणजे समाधी बजरंगच्या रानात, जवळजवळ दीड मीटर आत. शेजारची जागाही तिकडंच. बस म्हणावं आता दगडावर.

एरवी मी हद्दीच्या खुंट्या ठोकायला परत जातो. या वेळी नाही. त्याच्या शिव्या खायला कोण जाणार? कागद व्हॉट्सॅपवर दोघांना पाठवून दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

म्हाताऱ्याचा फोन नाही. यावा असं फार वाटतंय. काय काय ऐकवायचं ते ठरवून ठेवलंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

संगमेशचा फोन आला. अप्पा भांडले नाहीत, म्हणाला. कागद दोनदा वाचून घेतला. मग एवढंच बोलले, "लिहून दिलंय न्हवं. मग संपलं." दुपारी एकटेच रानात गेले आणि आपल्या जागेभोवतीचे दगड एकेक करून उचलून आणले. कुणाला हात लावू दिला नाही.

जिरली! बरं वाटलं मला. इथं खोटं कशाला लिहू?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भोकरला कालव्याचं काम. सगळे ऑफसेट भलत्याच अंगाला पडायला लागले. बघतो तर रेषा उलट्या टोकाकडून निघालेली. ती सरळ केली आणि एकदम हात थांबला.

उदगीरची फाईल उघडली. बिंदू एक — ओढा. बिंदू दोन — गाव. मोजायला जशी सुरुवात केली तशीच रेषा जोडलेली. ओढ्याकडून निघालं की डावीकडं बजरंग नाही. डावीकडं गुंडप्पा.

समाधी त्याच्याच रानात आहे. चांगली दीड मीटर आत. शेजारची जागाही त्याचीच.

रेषेवर बाण असतो, दिशा दाखवणारा. तो मी बघितला नाही. पहिल्यांदा मनात काय आलं, तर म्हातारा दगडावर बसलाच नसता तर मी ओढ्याकडून सुरुवात कशाला केली असती? म्हणजे चूक त्याचीच! पण खुंट्या ठोकायला गेलो असतो तर जागेवरच कळलं असतं. गेलो नाही, कारण मला ते उत्तर हवंच होतं.

बायकोला सांगितलं. पुनम म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही केला. म्हातारा फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या गावाला ऐकवेल. सोमवारी भोकरचं काम संपतं. नवा कागद घेऊन स्वतः जाईन आणि काय शिव्या घालायच्या त्या तोंडावर घाल म्हणेन. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय? पुनम बोलत नाही कालपासून.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी संगमेशचा फोन. अप्पा पहाटे गेले. झोपेतच. खड्डा खांदायला घेतलाय, तुमच्या कागदाप्रमाणं हद्द सोडून, आईपासून लांब; एकदा येऊन बघून जाता का, बजरंगशी परत कटकट नको.

म्हणालो, तिथं खांदू नका. आईशेजारी खांदा. जागा तुमचीच आहे. कागद चुकला माझा.

मग म्हणाला, "हे तुमाला कधी कळलं, सर?"

गुरुवारी, म्हणालो.