हजबंडच्या पोटातला शेतकरी

१ जानेवारी २०२५
वय छत्तीस, लग्न बाकी. शेतकऱ्याले कोणी पोरगी देत नाही, ही रड आजपासून बंद. आता अभ्यास. रोज एक जुना इंग्रजी शब्द, अर्थासहित, उगमासहित. बारा तारखेला वाशीमला वधू-वर परिचय मेळावा आहे. स्टेजवर प्रत्येकाला दोन मिनिटं माइक. बस झालं तेवढं.

४ जानेवारी
सापडलं! 'हजबंड' हा जुन्या नॉर्स भाषेतून आला. हुस म्हणजे घर, बोंडी म्हणजे घरदार करून जमीन कसणारा. म्हणजे नवरा मुळातच शेतकरी! नोकरीवालाच पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी डिक्शनरी उघडावी. आईला सांगितलं. ती म्हणे हरभऱ्याचं ओलित राह्यलं. विषय खोल आहे, तिला वेळ लागेल.

५, ६, ७ जानेवारी
ओलित. दिवसभर हरभऱ्याला पाणी. शब्द नाही.

८ जानेवारी
'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. आरशात दंड पाहिला. उंदीर दिसेना. हा शब्द भाषणातून काढला.

१० जानेवारी
मेळाव्याचं पुस्तक आलं, सगळ्यांचे फोटो, माहिती, फोन नंबर. अभ्यासाच्या नादात माझा फॉर्म उशिरा गेला, त्यामुळे मी त्यात नाही. हरकत नाही, आपला भर माइकवर. पानं चाळताना वैजयंती दिसली. मंगरूळपीरची, शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजी! देवानंच जुळवून आणलं. दोस्त सतीशही उभा राहतोय. एक शब्द तुलाही देतो म्हटलं, तर म्हणे, मले दोन मिनिटं कायले लागतात? बिचारा.

१२ जानेवारी, सायंकाळी
एकदम हजबंडवर जाणं बरं दिसेना, म्हणून 'ब्राइडग्रूम'पासून सुरुवात केली. त्यात मूळ शब्द गुमा, म्हणजे माणूस. लोक गुमा विसरले आणि त्या जागी ग्रूम बसवला, म्हणजे घोड्याची चाकरी करणारा. इथं सगळा हॉल हसला. मी खुलासा करत होतो तेवढ्यात घंटी वाजली. हजबंड राहूनच गेला.

माझ्यानंतर सतीश. नाव, गाव, सात एकर, व्यसन नाही, नमस्कार. अगदीच उथळ.

येताना बसमध्ये आई म्हणे, "तुयं नाव कधी सांगतलं रे बाप्पा?"
आठवून पाहिलं. हजबंडनंतर सांगणार होतो.

१९ जानेवारी
फोन नाही. लोक विचार करत असतील.

२६ जानेवारी
नंबर तरी कोणाकडे आहे म्हणा.

२ फेब्रुवारी
सतीशचं जमलं. वैजयंतीशी. तिच्या घरच्यांना पोरगा मोजकं बोलतो म्हणून आवडला. जेवलो नाही. आईनं काहून म्हणून विचारलं नाही, ते जास्त लागलं. डिक्शनरी माळ्यावर टाकली.

१८ एप्रिल
सतीशचं लग्न, मंगरूळपीर. सूत्रसंचालन माझ्याकडे. सतीश म्हणे, तुयाजवळ शब्द हायेत. नाही म्हणता आलं नाही. डिक्शनरी खाली काढली.

घंटी नव्हती. मंगलाष्टकं झाल्यावर हजबंड पूर्ण सांगितला. घर, जमीन, कसणारा, सगळं. मांडवातले म्हातारे शेतकरी टाळ्या वाजवत उठले. वैजयंतीच्या वडिलांनी डोळे पुसले आणि जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. शब्द माझा, पाठ सतीशची.

जेवणं झाल्यावर वैजयंती मुद्दाम भेटायला आली. म्हणाली, "हजबंडचं फार छान सांगितलंत, सर. तुमचं नाव काय?"

सांगितलं. धनराज, अनसिंग, पाच एकर, व्यसन नाही. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.